तिला ‘व्यक्ती’ म्हणा : निर्वासित स्त्रिया, सरकारी धोरण आणि आपलं संविधान

(दिल्लीत शिकणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर संविधान दिनाच्या निमित्ताने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



तुमच्यापैकी बहुतेकांनी मूलभूत हक्कांचा तो तक्ता पाठ केलेला असणार. एका बाजूला फक्त भारतीय नागरिकांना असलेले हक्क : कलम १५, १६, १९, २९, ३०. दुसऱ्या बाजूला नागरिकांना आणि परकीयांनाही असलेले हक्क : कलम १४, २०, २१, २१-अ, २२, २३, २४ आणि २५ ते २८. शत्रुराष्ट्राचे नागरिक तेवढे वगळायचे. पूर्वपरीक्षेत यावर प्रश्न येतो, आपण उत्तरावर खूण करतो आणि पुढे जातो.

मला आज या दुसऱ्या बाजूबद्दलच बोलायचं आहे. कलम १४ मध्ये शब्द आहे ‘कोणतीही व्यक्ती’. कलम २१ मध्येही ‘व्यक्ती’. कायद्यापुढे समानता आणि जगण्याचा हक्क देताना आपल्या संविधानाने पासपोर्ट मागितलेला नाही, जन्मदाखला मागितलेला नाही. सीमेच्या आत श्वास घेणारं माणूस आहे, एवढं त्याला पुरलं.

हे पुस्तकातलं वाक्य प्रत्यक्षात उतरतं का? एक खटला सांगते. फेब्रुवारी १९९८. बांगलादेशातून अजमेरला जायला निघालेली एक स्त्री हावडा स्टेशनवर उतरली. तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यात रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांचा हात होता. कलकत्त्याच्या एका वकील बाईंनी तिच्या वतीने हायकोर्टात दाद मागितली. हायकोर्टाने दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. रेल्वे सुप्रीम कोर्टात गेली. तिथे रेल्वेने काय म्हणावं? ही बाई परदेशी आहे, भारताची नागरिक नाही, तिला अशी भरपाई मागता येणार नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २००० मध्ये हे म्हणणं फेटाळलं. कलम २१ ‘व्यक्ती’ला आहे, ती व्यक्ती आहे, भरपाई द्या. चेअरमन, रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास. कायदा शिकणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचा.

ती स्त्री निर्वासित नव्हती, रीतसर आलेली पाहुणी होती. तिच्याकडे कागद होते. तरीही सरकारी खात्याचा पहिला बचाव होता, ‘ती आपली नाही’. मग जिच्याकडे कागदच नाहीत, जी जीव वाचवायला रात्रीची नदी ओलांडून आली, तिच्याबद्दल सरकार काय म्हणतं? तिच्या संरक्षणाचं आपल्या देशाचं धोरण काय?

सरळ उत्तर असं : भारतात निर्वासितांसाठी कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आणि त्याच्या १९६७ च्या पुरवणी करारावर भारताने सही केलेली नाही. आपल्या कायद्यात ‘परकीय’ असा शब्द आहे. १९४६ सालचा परकीय नागरिक कायदा इंग्रजांच्या काळातला होता. त्याच्या जागी आता २०२५ चा ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स’ कायदा आला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. व्हिसा-पासपोर्टशिवाय देशात आलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण परकीय नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जुन्या कायद्याप्रमाणे याही कायद्यात त्या माणसावरच आहे. पर्यटनाला येऊन व्हिसा संपल्यावर राहिलेला माणूस आणि गाव जळताना पळालेली बाई, या दोघांत मूळ कायदा फरक करत नाही.

फरक करतात ते सरकारचे आदेश. श्रीलंकेतल्या तमिळांसाठी एक पद्धत, तिबेटी लोकांसाठी दुसरी. अफगाणिस्तान किंवा म्यानमारमधून आलेल्यांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करतं आणि कार्ड देतं, पण ते कार्ड दाखवलं म्हणून बँकेत खातं उघडत नाही की आधार मिळत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत तीन देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना जागा आहे, तीही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना. २०२५ च्या कायद्याबरोबर सवलतीचा आदेश निघाला. त्यात याच सहा धर्मांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना आणि ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना शिक्षेतून सूट आहे. रोहिंग्या बाईला यातलं काही नाही. म्यानमारच्या चिन बाईला नाही. अफगाण मुसलमान बाई शिक्षिका होती आणि तालिबानने शाळा बंद केली म्हणून आली असेल, तर तिलाही नाही.

मात्र एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. डिसेंबर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने एक कार्यपद्धती ठरवली. आपण निर्वासित आहोत असं सांगणाऱ्या परकीय माणसाचं काय करायचं, याची ती पद्धत. छळाची साधार भीती असेल तर त्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येईल आणि त्या व्हिसावर खासगी नोकरी करता येईल, शिकता येईल. छळाची कारणं त्यात मोजली आहेत : वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व, राजकीय मत.

‘लिंग’ हा शब्द ऐकलात ना? १९५१ च्या जागतिक करारात तो नाही. त्या व्याख्येत पाच कारणं आहेत आणि त्यांत स्त्री असणं हे कारण बसत नाही. त्याआधी तीन वर्षं मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला, त्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाची इंग्रजी शब्दयोजना बदलून ‘सर्व माणसं’ करून घेतली ती भारताच्या हंसा मेहता यांनी. तरी निर्वासितांच्या व्याख्येत बाई राहूनच गेली. पुढे १९९३ मध्ये कॅनडाने स्त्रियांच्या अर्जांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने काढल्या. जबरदस्तीचं लग्न, घरच्यांनी जिवे मारण्याची धमकी, युद्धात हत्यार म्हणून वापरलेला बलात्कार, हाही छळच आहे असं जगाला हळूहळू मान्य करावं लागलं. भारताच्या कागदावर मात्र ‘लिंग’ हे कारण सरळ लिहिलेलं आहे.

मग अडचण कुठे आहे? तो कागद कायदा नाही. तो मंत्रालयाचा अंतर्गत आदेश आहे. कुणाला लागू करायचा, कुणाला नाही, किती दिवसांत निर्णय द्यायचा, नकार दिला तर कुठे दाद मागायची, हे सगळं अधिकाऱ्याच्या हातात. म्हणजे संरक्षण आहे, पण हक्क म्हणून नाही. मेहरबानी म्हणून आहे.

हक्क आणि मेहरबानी यांतला फरक मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. पाटलाच्या विहिरीवर कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी प्यायचं, आणि महाडच्या तळ्यात उतरून स्वतःच्या ओंजळीने प्यायचं, पाणी तेच असतं. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर कशासाठी गेले होते, हे ज्याला कळलं त्याला निर्वासितांचा कायदा का हवा, हे समजायला वेळ लागणार नाही.

आता या मेहरबानीच्या राज्यात बाईचं नेमकं काय होतं ते सांगते. मी मोफत कायदेशीर मदतीच्या केसेस करते. माझ्याकडे आलेल्या निर्वासित स्त्रियांपैकी मारहाण, छेडछाड, मजुरी बुडवणं यांतलं काहीच सोसलं नाही अशी बाई मला आठवत नाही. आणि स्वतःहून पोलिसांत गेलेली बाईही आठवत नाही. घरमालक भाडं घेतो आणि वर नको ते मागतो. ठेकेदार पंधरा दिवस काम करून घेतो आणि पैसे मागितले की म्हणतो, जा, पोलिसांत जा. तो हसत म्हणतो, कारण त्याला माहीत आहे की तक्रार लिहिताना पहिला प्रश्न तिचे कागद कुठे आहेत हाच असेल. तक्रार करायला गेलेली बाई आरोपी होऊन बसेल. गुन्हेगारासाठी याहून सोयीची बाई कोणती?

एका पोलीस ठाण्यात मी अशा एका बाईला घेऊन गेले होते. ठाणं कुठलं ते सांगत नाही. तिच्या कपाळावर टाके होते. हवालदाराने जखमेकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याने विचारलं, “नवरा कुठाय? त्याचं कार्ड आणा.” मारणारा नवराच होता. कार्ड त्याच्याच खिशात होतं.

त्या हवालदाराला शिव्या देऊन भागणार नाही. त्याने जे विचारलं ते आपल्या राज्यव्यवस्थेला फार जुन्या काळापासून विचारायची सवय आहे : ही कुणाची?

फाळणीनंतरचं बघा. दोन्ही देशांत हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. त्यांना शोधून काढायचं दोन्ही सरकारांनी ठरवलं. त्यासाठी आपल्याकडे १९४९ मध्ये ‘अपहृत व्यक्ती (शोध आणि परतपाठवणी) कायदा’ झाला. हेतू रक्षणाचा होता आणि त्या कामात जीव ओतून राबलेल्या कार्यकर्त्या होत्या, हे नाकारायचं नाही. पण त्या कायद्यात अपहृत कुणाला म्हटलंय ते वाचा. सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. पुरुष सोळाव्या वर्षी स्वतःचा धनी होतो, बाई साठीची झाली तरी नाही. १ मार्च १९४७ नंतर ती कुटुंबापासून तुटली असेल आणि दुसऱ्या धर्माच्या घरात सापडली असेल, तर ती अपहृत. तिला काय हवं आहे हा प्रश्न व्याख्येत नव्हता. वॉरंटशिवाय तिला ताब्यात घेता येत होतं, छावणीत ठेवता येत होतं आणि सीमेपलीकडे पाठवता येत होतं. दोन्ही देशांत मिळून तीस हजारांच्या आसपास स्त्रिया अशा ‘परत’ केल्या गेल्या. काहींना घरी घेतलं गेलं, काहींना घरच्यांनी दार उघडलं नाही. काही तर नव्या घरात रुळल्या होत्या, लेकरं झाली होती, त्यांना रडत-ओरडत गाडीत बसवलं गेलं.

पूर्वेकडे वेगळी तऱ्हा. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांपैकी म्हातारे, अपंग आणि ज्यांना कुणी पुरुष उरला नाही अशा स्त्रिया यांच्यासाठी पश्चिम बंगालमध्ये वेगळ्या छावण्या होत्या. सरकारी भाषेत त्यांचं नाव ‘पर्मनंट लायबिलिटी कॅम्प’. कायमचा बोजा. पुरुष सोबत असेल तर ते कुटुंब वसवायचं, त्याला जमीन किंवा कर्ज द्यायचं. पुरुष नसेल तर बाई आयुष्यभराचं ओझं. तिचे हात राबू शकतात, ती अर्ज करू शकते, तिच्या नावावर जमीन होऊ शकते, हे त्या वर्गवारीत बसतच नव्हतं.

हे जुनं झालं असं म्हणू नका. तमिळनाडूत श्रीलंकन तमिळांच्या शंभरावर छावण्या आहेत. तिथल्या सरकारने २०२१ मध्ये त्यांचं नाव बदलून पुनर्वसन छावण्या केलं, घरं बांधायला घेतली, मासिक मदत वाढवली. चांगलं काम आहे. पण मदतीचे आकडे बघा : कुटुंबप्रमुखाला दीड हजार, घरातल्या इतर प्रौढांना हजार. कुटुंबप्रमुख बहुतेक घरांत कोण असतो, ते तुम्ही आपापल्या गावच्या रेशनकार्डावरून ओळखाल. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाने स्त्रियांना पाच आश्वासनं दिली होती, त्यांतलं एक होतं की प्रत्येक बाईची नोंद स्वतंत्र होईल आणि तिचा कागद तिच्या हातात असेल. ऐकायला किती किरकोळ मागणी! टाके पडलेल्या त्या बाईला विचारा किती मोठी आहे ती.

इथे कुणीतरी मनातल्या मनात म्हणत असेल, मॅडम, हे सगळं ठीक, पण आपल्याच लोकांचे एवढे प्रश्न पडलेत. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, भरती निघत नाही. बाहेरच्यांचं आपण का बोलायचं?

हा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून पुढे जाणार नाही. पहिलं उत्तर असं, की या देशात जे निर्वासित झाले त्यांत आपली माणसं फार मोठ्या संख्येने आहेत. फक्त त्यांचा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही.

१८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिलं. पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींबद्दल. सफाईची कामं कोण करणार म्हणून पाकिस्तान सरकार त्यांना येऊ देत नव्हतं. आणि जे कसेबसे भारतात पोचले त्यांच्याकडे निर्वासित छावण्यांत लक्ष दिलं जात नव्हतं. निर्वासितपणातही जात सुटली नव्हती. नंतर पूर्व बंगालातले नामशूद्र आले. १९५० मध्ये पाकिस्तानच्या मंत्रिपदाचा राजीनामा देऊन जोगेंद्रनाथ मंडल आले. सवर्ण बंगाली निर्वासित कलकत्त्याच्या आसपास वसले, नामशूद्रांना शेकडो मैलांवर दंडकारण्यात, कोरापूट आणि बस्तरच्या जंगलात नेलं. तिथून परतून काही हजार कुटुंबं १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर वसली. १९७९ मध्ये सरकारने त्यांची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात त्यांना हुसकावून लावलं. किती मेले यावर आजही वाद आहे. अन्नपाणी तोडल्यावर आधी कोण मरतं यावर वाद व्हायचं कारण नाही. लेकरं आणि बाया.

तुमच्यात कुणी गडचिरोलीचं असेल, तर मुलचेरा-चामोर्शी भागातल्या बंगाली वस्त्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथले बरेच लोक नामशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे सरकारने त्यांना इकडे वसवलं आणि त्यांची जात तिकडेच ठेवली! तिथली पदवीधर मुलगी आज जातीच्या दाखल्यासाठी रांगेतसुद्धा उभी राहू शकत नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांत इंग्रजांनी नेलेले तमिळ मजूर, त्यांतही मोठा भाग दलितांचा. १९४८ मध्ये श्रीलंकेने त्यांचं नागरिकत्व काढलं, मग यादवीत ते पळून भारतात आले आणि त्यांचे वंशज आज तमिळनाडूच्या छावण्यांत परकीय म्हणून राहतात. ज्या गावातून पणजी गेली, त्या गावापासून दोन-तीन तासांवर पणती निर्वासित. राजस्थानात पाकिस्तानातून आलेले हिंदू म्हणतात, त्यांत भिल्ल आणि मेघवाल किती आहेत ते जोधपूरला जाऊन बघा.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा त्यांत आपलं एकही माणूस नाही. सगळ्या रोहिंग्या, सगळ्या चिन, सगळ्या अफगाण. तरीही.

२०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावल्यावर चिन लोक मिझोराममध्ये आले. केंद्राने मार्चमध्ये ईशान्येच्या सीमावर्ती राज्यांना कळवलं की कुणाला निर्वासित ठरवायचा अधिकार राज्यांना नाही, लोंढा थांबवा. मिझोरामने ऐकलं नाही. तीस हजारांवर माणसांना तिथल्या सरकारने, चर्चने, गावकऱ्यांनी जागा दिली. मला या राज्याबद्दल फार आदर आहे. पण त्यांनी कारण काय सांगितलं? ही आमच्याच रक्ताची माणसं आहेत. मग ज्यांचे रक्ताचे नातेवाईक सीमेच्या या बाजूला नाहीत, त्यांनी कुठे जायचं? आपल्या माणसापुरती माया, हे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. गावात प्रत्येक जात आपल्या माणसाशी प्रेमानेच वागत होती. त्या प्रेमाच्या बाहेर आपण होतो. म्हणून तर बाबासाहेबांनी प्रेमावर न विसंबता कलम १४ आणि २१ मध्ये ‘व्यक्ती’ हा शब्द असलेलं संविधान या देशाच्या हाती दिलं. तो शब्द आपल्यासाठी वापरायचा आणि दुसऱ्यासाठी मिटवायचा, हे आंबेडकरवाद्याला जमणार नाही.

कोर्टाने काय केलं, तेही पूर्ण सांगते. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा लोकांना हुसकावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नागरिक असो वा नसो, माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. मे २०२१ मध्ये मणिपूर हायकोर्टाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात जाऊ दिलं आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे परत न पाठवणं हे कलम २१ मध्ये येतं असं म्हटलं. पण त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २०२१ मध्ये, जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने अंतरिम दिलासा नाकारला. कलम १४ आणि २१ सगळ्यांना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या, कलम १९ मधल्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे तक्त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आदळल्या. हा प्रश्न एकेका खटल्यातून सुटणार नाही. संसदेने कायदा करायला हवा.

कायदा म्हणजे सगळ्यांना दार उघडं, असं नाही. कायदा म्हणजे चौकशी, पण ठरलेल्या पद्धतीने. बाईला तिच्या नवऱ्यापासून, भावापासून वेगळं बसवून विचारणं. विचारणारी आणि दुभाषी, दोघीही स्त्रिया असणं. नवऱ्याने अर्ज केला असला तरी तिचं म्हणणं वेगळं नोंदवणं, तिचा कागद तिच्या हातात देणं. २०११ च्या आदेशातला ‘लिंग’ हा शब्द कायद्यात आणणं. निर्णय लेखी देणं, कारणांसह, आणि त्यावर अपिलाची सोय ठेवणं. गरोदर आणि लेकुरवाळ्या बायांना कोठडीत न ठेवणं. आणि सगळ्यांत आधी हे, की अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईवर त्या तक्रारीमुळे परकीय कायद्याखाली कारवाई होणार नाही. हे एक कलम आलं तर उद्याच्या उद्या कित्येक घरमालकांचं आणि ठेकेदारांचं हसू मावळेल. सुरक्षेची काळजी असलेल्या माणसानेही या यादीला विरोध करायचं कारण नाही. नोंद झालेली, कागद मिळालेली माणसं लपून राहत नाहीत.

कायदा होईल तेव्हा होईल. तुम्ही मात्र दोन-चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसलेले असाल. कुणी फौजदार, कुणी नर्स, कुणी तलाठी, कुणी शिक्षिका, कुणी वकील. आपल्या घरातलं पहिलं माणूस, ज्याच्याकडे कुणी अर्ज घेऊन येईल. त्या दिवसासाठी आज काही गोष्टी लिहून घ्या. त्यांना नवा कायदा लागत नाही.

कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. मोफत वकील कुणाला मिळतो? अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच यादीत आहे ‘स्त्री किंवा बालक’. ‘भारतीय स्त्री’ असं लिहिलेलं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पीडित व्यक्ती म्हणजे ‘कोणतीही स्त्री’. तिथेही नागरिकत्वाची अट नाही. बलात्कार झालेल्या बाईवर सरकारी-खासगी सगळ्या दवाखान्यांनी लगेच मोफत उपचार करायचे, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे, आणि त्यात आधारकार्डाचा उल्लेख नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ‘सखी’ केंद्र आणि १८१ हा फोन सगळ्या स्त्रियांसाठी आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क ‘बालका’ला आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रोहिंग्या मुलांबाबत सांगितलं की त्यांनी सरळ शाळेत प्रवेशासाठी जावं आणि नाकारलं तर हायकोर्टात जावं.

ही कलमं पुस्तकात आहेत. पण टेबलामागच्या माणसाने ती वाचलेली नसतील, तर समोरच्या बाईसाठी ती नसल्यातच जमा. आपल्या आईवडिलांना अशा टेबलांसमोर किती ताटकळावं लागलं, ‘उद्या या’ किती वेळा ऐकावं लागलं, कोणता कागद कमी आहे हे कुणी नीट सांगितलंसुद्धा नाही, हे आपण विसरलेलो नाही. विसरणारही नाही. पण खुर्चीत बसल्यावर ती आठवण दोन प्रकारे वापरता येते. एक, आता माझी पाळी. दुसरा, माझ्या टेबलासमोर असं होणार नाही.

उद्या कुणी बाई तुमच्यासमोर येईल. तिची भाषा तुम्हाला कळणार नाही, डोक्यावर वेगळ्या तऱ्हेची ओढणी असेल, हातात चुरगळलेलं एखादं कार्ड असेल किंवा तेही नसेल. ती कुणाची, नवरा कुठे, धर्म कोणता, हे विचारायच्या आधी तिला बसायला सांगा. पाणी द्या. काय झालं ते विचारा आणि ती सांगेल तसं लिहून घ्या. अर्जदार, फिर्यादी, रुग्ण, जो काही रकाना असेल त्यात तिचं स्वतःचं नाव लिहा, आणि त्या कागदाची एक प्रत तिच्या हातात द्या.

जय भीम. जय संविधान.